खेड्यापर्यंतची तार आणि तिचा भागीदार

३० जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एका मोठ्या भागीदारीला मान्यता दिली. केरळ, कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, ईशान्येकडील बहुतेक राज्ये अशा एकूण सोळा राज्यांतील सुमारे ३ लाख ६१ हजार गावांपर्यंत ऑप्टिकल फायबरचे जाळे नेणे, जुने जाळे सुधारणे आणि हे सारे ३० वर्षे चालवणे, हे काम खासगी कंपन्यांकडे सोपवले जाणार होते. खर्चाचा अंदाज २९,४३० कोटी रुपये. ग्रामीण ग्राहकांकडून वसूल न होणारी तूट भरून काढण्यासाठी सरकार त्यातले १९,०४१ कोटींपर्यंत देणार होते, म्हणजे रुपयातले जवळजवळ पासष्ट पैसे. या राज्यांचे नऊ भाग पाडून निविदा काढल्या गेल्या, मुदती वाढवल्या गेल्या. एकही बोली आली नाही. २०२२ च्या आरंभी ती प्रक्रिया गुंडाळली गेली.

रुपयातले पासष्ट पैसे दुसरा देत असताना उरलेले पस्तीस घालायला कोणी पुढे येत नसेल, तर त्या व्यवहारात कागदावर न दिसणारे काहीतरी असले पाहिजे. ते काय होते हे समजून घेण्यासाठी जरा मागे जावे लागते. कारण भारतीय खेड्याला तारेने जोडण्याच्या कामात सरकार आणि खासगी हात एकत्र आल्याची ही पहिली वेळ नव्हती.

१९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. तोवर परदेशी बनावटीच्या टेलिफोन एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, आणि ज्या गावात विजेचा भरवसा नाही तिथे वातानुकूलन कुठून आणणार? सी-डॉटने १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. उकाडा आणि धूळ सहन करत ते पंख्याविनाही चाले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले यंत्र बसले. आराखडा सरकारी संस्थेचा आणि उत्पादन परवाना घेतलेल्या सरकारी व खासगी कारखान्यांचे, अशी ती वाटणी होती. तिच्या जोडीला आणखी एक भागीदार आला, ज्याला कोणी भागीदार म्हणून ओळखले नाही: पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओवाला. लाइन सरकारची, दुकान त्याचे, आणि प्रत्येक कॉलमागे दलाली. लाइन बंद पडली की त्याचा त्या दिवसाचा गल्ला बुडे. त्यामुळे लाइनमनच्या मागे लागण्याचे काम तो कोणी न सांगता करी. या कमिशनवाल्याचे महत्त्व पुढच्या कागदपत्रांत फारसे कोणी नोंदवले नाही, हे खटकते.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मोठ्या कंपन्यांना दार उघडले. १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन, असे त्या धोरणाचे उद्दिष्ट होते. मूलभूत सेवेचा परवाना घेणाऱ्या खासगी कंपन्यांवर अट घातली गेली, की एकूण लाइनींपैकी किमान १० टक्के ग्रामीण सार्वजनिक फोनसाठी द्याव्यात. सहा कंपन्या उतरल्या. शहरांतील लाइनी वाढल्या, गावांतल्या नगण्य राहिल्या. कंपन्यांनी परवान्यातला दंड भरणे पत्करले, कारण डोंगरापलीकडच्या गावात तार नेऊन ती जपत बसण्यापेक्षा दंड स्वस्त पडत होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अट चुकीच्या ठिकाणी घातलेली होती: तार नेली की नाही हे परवाना विचारत होता, पण ती जिवंत ठेवण्यात कोणाचा फायदा आहे, याची काही सोय त्यात नव्हती.

१९९९ च्या धोरणाने त्यातून एक धडा घेतला. गावांचा भार कंपन्यांच्या गळ्यात न मारता सर्व दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून वर्गणी काढायची आणि त्या पैशातून ग्रामीण काम करायचे, असे ठरले. २००२ मध्ये हा सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. पैसे मात्र थेट निधीत पडत नाहीत. ते आधी देशाच्या संचित निधीत जातात आणि संसदेने मंजूर केल्यावर तिथून बाहेर येतात. त्यामुळे वर्गणी जमा होत राहते आणि खर्च तिच्या मागे रेंगाळतो.

याच सुमारास प्रयोगशाळांमधून एक वेगळा प्रयत्न चालू होता. आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉरडेक्ट नावाची बिनतारी पद्धत विकसित केली. मनोऱ्यापासून १० किलोमीटरपर्यंत, आणि मध्ये पुनर्प्रक्षेपक ठेवला तर २५ किलोमीटरपर्यंत तिचा पल्ला होता. तिच्या आधारावर एन-लोग ही कंपनी निघाली आणि तिने गावागावांतील तरुणांना संगणक केंद्रे उघडून दिली. वेग ३५ किंवा ७० किलोबिट प्रतिसेकंद. आजच्या फोनमधले एक मेगाबाइटचे छायाचित्र त्या वेगाने उतरायला दोन मिनिटे लागतील. तरी त्या काळात ते पुरेसे होते. केंद्रे निघाली, काही वर्षे चालली, आणि बहुतेक मंदावत मिटली. टपाल, टायपिंग, परीक्षेचे निकाल, फोटो एवढ्या कामांतून केंद्रचालकाचा हप्ता सुटत नसे.

महाराष्ट्रातील वारणेचा प्रयोग या संदर्भात आवर्जून आठवावा असा आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी मिळून परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी दाखले अशी स्वप्ने मोठी होती. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले तेव्हा शेतकरी त्या केंद्रांत मुख्यतः साखर कारखान्याचे व्यवहार बघायला येत होते: गेलेल्या उसाचे वजन, बिलाची रक्कम, खताची उधारी. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटाने काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवून तीच माहिती एसएमएसने देऊन पाहिली, आणि काम भागले. याचा अर्थ खेड्याला वेग नको होता, असा काढणे घाईचे होईल. पण गरज कोणती आहे हे आधी न पाहता पुरवठा उभा केला की मागणीचे आकडे किती फसवे ठरतात, हे वारणेत स्पष्ट दिसले. आणि ज्या सेवेचे महत्त्व शेतकऱ्याला पटले होते, ती सहकारी कारखान्याशी जोडलेली असल्यामुळेच टिकली, हेही.

२००६ मध्ये केंद्राने एक लाख सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. तिची बांधणी तीन थरांची होती: वर राज्य सरकारे, मध्ये निविदा जिंकलेल्या कंपन्या, खाली गावातला उद्योजक. निविदांत चुरस एवढी झाली की काही ठिकाणी कंपन्यांनी सरकारकडून साहाय्य मागण्याऐवजी उलट सरकारलाच पैसे देऊ केले. पुढे सरकारी सेवा ऑनलाइन यायला उशीर झाला, जोडणी कुचकामी निघाली, आणि मधल्या थरातील अनेक कंपन्या गळाल्या. २०१५ नंतरच्या रचनेत मधल्या थराचे महत्त्व जवळपास संपले. आश्चर्य म्हणजे खालचा थर टिकला. आधार, विमा, पीकनोंदी, पेन्शन यांच्या निमित्ताने गावातला केंद्रचालक आजही उभा आहे.

आता मूळ विषय. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली. अडीच लाख ग्रामपंचायती, २०,००० कोटी रुपये, दोन वर्षांची मुदत. २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड यांना काम वाटून दिले गेले. अजमेर जिल्ह्यातील अराईं, विशाखापट्टणमजवळचे परवाडा आणि त्रिपुरातील पाणिसागर अशा तीन ठिकाणी प्रयोग झाले. दोन वर्षे संपली तेव्हा या प्रायोगिक पंचायतींपलीकडे फारसे काही उजळले नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये केरळमधील इडुक्की हा या जाळ्याने जोडलेला पहिला जिल्हा ठरला. त्याच वर्षी योजनेला भारतनेट हे नाव मिळाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

या जाळ्यातले तंत्र विचारपूर्वक निवडलेले होते. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश काचेच्या तंतूतून जातो, वाटेत एका विभाजकापाशी त्याच्या शाखा होतात, आणि प्रत्येक शाखा एका पंचायतीला पोचते. विभाजकाला वीज लागत नाही. रस्त्याकडेच्या खांबाजवळ तो निमूट पडून राहू शकतो. ग्रामीण भारतासाठी हा गुण मोठा आहे. हे यंत्रसाहित्य सी-डॉटनेच विकसित केले आणि उत्पादनासाठी इतरांना दिले; म्हणजे कित्तूरचीच रीत पुन्हा. पण प्रकाश वाटला की कमी होतो. दोन वाटांत विभागला की निम्मा, म्हणजे ३ डेसिबलची घट. आठ वाटांत विभागला की किमान ९. त्याशिवाय प्रत्येक किलोमीटरला १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर साधारण ०.३५ डेसिबल, म्हणजे २० किलोमीटरला ७. एकूण २८ डेसिबलच्या आसपासची घट यंत्रणा सोसते, तेव्हा कागदावर हिशेब आरामात बसतो.

प्रत्यक्षात तो बसला नाही, कारण तंतू नवा नव्हता. खर्च वाचवण्यासाठी बीएसएनएलची तालुक्यातून निघणारी जुनी केबल वापरायची आणि ती जिथे संपते तिथून पंचायतीपर्यंतचा तेवढाच नवा तुकडा टाकायचा, असे ठरले होते. जुनी केबल वर्षानुवर्षे तुटून जोडलेली, काही ठिकाणी पाणी शिरलेली. नीट वितळवून केलेल्या जोडात ०.१ डेसिबलपेक्षाही कमी घट होते. घाईत, पावसात, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून केलेल्या जोडाची खात्री कोण देणार?

त्यात जाळ्याची रचना झाडासारखी. बुंधा तुटला की सगळ्या फांद्या अंधारात. समजा, तालुक्यापासून पंचायतीपर्यंतच्या वाटेचे पाच तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा वर्षातले ९८ टक्के दिवस धड असतो. पाचही एकाच वेळी धड असण्याची शक्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९० टक्के. वर्षातले ३५ दिवस लाइन बंद. त्याच पंचायतीला दुसऱ्या बाजूनेही तशीच एक वाट असती, म्हणजे जाळे वर्तुळाकार असते, तर दोन्ही वाटा एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एका टक्क्याच्याही खाली जाते, वर्षाला तीन-चार दिवस. (दोन्ही तंतू एकाच चरात पुरले तर मात्र या गणिताला काही अर्थ राहत नाही, जेसीबीचा एक फटका दोघांना पुरतो. रस्ता रुंदीकरणाच्या काळात हा विनोद नसतो.)

दुरुस्तीला लागणारा वेळ या हिशेबात सर्वांत निर्णायक आहे. तुकडा किती वेळा तुटतो हे निसर्ग, उंदीर आणि रस्ते-खाते ठरवते. किती दिवस तुटलेला राहतो हे माणूस ठरवतो. तोडणारे खाते वेगळे, जोडणारे वेगळे, केबल एकाची, पंचायतीतले यंत्र दुसऱ्याचे, आणि त्या यंत्राला वीज देणारी जोडणी तिसऱ्याच्या नावावर. अशा व्यवस्थेत बिघाड कळायलाच आठवडा जातो. पंचायत कार्यालयाला कुलूप असेल तर आणखी.

जानेवारी २०२५ च्या सुमारास सरकारी नोंदींनुसार २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवा-सज्ज’ होत्या आणि जवळपास ६ लाख ९२ हजार किलोमीटर केबल टाकून झाली होती. चंद्रापर्यंतच्या अंतराच्या पावणेदोनपटीहून अधिक भरेल एवढी ही लांबी. कामाची भव्यता नाकारता येत नाही. त्याच नोंदींत घरगुती फायबर जोडण्या मात्र १२ लाखांच्या आसपास दिसतात. भागाकार केला तर एका पंचायतीमागे पाच-सहा घरे. ‘सज्ज’ या शब्दाने किती भार पेलला आहे, हे यावरून कळते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हे ओळखले नव्हते असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्येच त्याने शिफारस केली होती, की बांधणारा आणि चालवणारा एकच असावा, त्याला दीर्घ मुदतीचा करार मिळावा आणि तुटीची भरपाई सरकारने करावी. जो बांधेल त्यालाच पुढे सांभाळायचे असेल तर तो चर खोल खणेल, हा त्यामागचा तर्क, आणि तो खराही होता. पण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आली. काही महिन्यांत मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला, की गावातील तरुण पंचायतीतल्या वाय-फायची वाट पाहीनासा झाला. २०२१ मध्ये निविदा निघाल्या तोवर मागणीचे सगळे जुने अंदाज शिळे झाले होते.

बोली लावू शकणाऱ्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. जुन्या जाळ्याची खरी अवस्था खणल्याशिवाय कळत नाही, आणि ते सुधारून चालवण्याची जबाबदारी आपली. रस्ता कोण कधी उकरेल हे आपल्या हातात नाही. ग्राहक किती मिळतील माहीत नाही. आणि करार ३० वर्षांचा, म्हणजे इंटरनेट भारतीय जनतेला खुले झाल्यापासून २०२१ पर्यंत जेवढा काळ गेला त्याहून अधिक. सरकार तार टाकण्याची तूट भरून देत होते. तीस वर्षांची अनिश्चितता मात्र कंपनीच्याच पदरात टाकत होते. कंपन्या आल्या नाहीत, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

मुंबई आयआयटीतील अभय करंदीकर आणि त्यांच्या गटाने पालघर जिल्ह्यात जो प्रयोग केला, तो या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडतो. फायबर पंचायतीपाशी संपतो, पण पालघरसारख्या भागात पंचायत म्हणजे विखुरलेले पाडे. तिथपर्यंत जाण्यासाठी या गटाने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करणारे दूरदर्शन एकटेच, त्यामुळे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराचसा भाग पडून असतो. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक, तर नेहमीच्या वाय-फायची साडेबारा सेंटिमीटर. झाडोरा आणि चढ-उतार पार करायला लांब लहर बरी. तंत्रापेक्षा त्यांनी सुचवलेली व्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीत त्यांनी चौथा शब्द घातला: पंचायत. पंचायतीने साहित्यात गुंतवणूक करायची, गावातील उद्योजकाने जाळे सांभाळायचे आणि जोडण्या विकायच्या. २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट मंजूर केले: १,३९,५७९ कोटी रुपये. २०११ च्या आकड्याच्या जवळजवळ सातपट. यात झाडाची जागा वर्तुळाने घेतली आहे. कंत्राटदाराने आराखडा करायचा, बांधायचे आणि पुढे दहा वर्षे सांभाळायचे, पण त्याचे पैसे सरकार देणार. ग्राहक मिळाले नाहीत तर तो बुडणार नाही. म्हणजे २०२१ मध्ये कंपन्यांनी जी जोखीम नाकारली, ती आता सरकारने स्वतःकडे घेतली आहे. भारतनेटची मूळ कंपनी २०२२ मध्येच बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला होता. आता सारे व्यवस्थापन तिच्याचकडे आहे. दूरसंचार अधिनियम २०२३ मुळे जुन्या सार्वत्रिक सेवा निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले.

पंचायतीपासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यासाठी या योजनेत ‘उद्यमी’ आहे. मुख्य जाळे सरकारचे. घराघरात जोडणी नेणे, बिल वसूल करणे आणि बिघाड काढणे त्याचे. उत्पन्नात निम्मा वाटा. यांतले अनेक जण पूर्वीचे केबलवाले आहेत. त्यांच्याकडे शिडी असते, फायबर जोडायचे यंत्र असते आणि कोणाच्या अंगणातून वायर नेली तर भांडण होणार नाही याची माहिती असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पीसीओवाल्याप्रमाणेच लाइन बंद पडली की याचेही उत्पन्न थांबते. त्याच्या आवाक्याबाहेर आहे तो तालुक्यापासून पंचायतीपर्यंतचा तंतू. तो तुटला तर त्याला फक्त तक्रार नोंदवता येते, आणि तोवर दारात उभ्या राहणाऱ्या ग्राहकांना उत्तर त्यालाच द्यावे लागते.